खळ्याची जागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी वेतनकराराविषयी किंवा कंत्राटी पद्धतीविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी कारखान्यांच्या दारांवर तेच बोलत आलो आहे. परंतु आज मी आपल्यापुढे जागेचा प्रश्न मांडणार आहे. ही जागा जमिनीची नव्हे, संगणकाच्या पोटातली आहे. एक जुना संगणक आपल्या सगळ्या सामानासह दुसऱ्या संगणकात नेऊन ठेवायचा असेल, तर वाटेत त्याचे सामान कोठे उतरवायचे, हा तो प्रश्न.

माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण सातपूरच्या कारखान्यात आणि १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. पण ज्या गोष्टीने सदतीस कामगारांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज अडवून धरले होते, ती गोष्ट समजून घेणे मला भाग पडले. ती जशी मला समजली तशी सांगतो.

प्रसंग असा. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. ज्यांची वर्गणी मर्यादेपेक्षा अधिक, म्हणजे प्रत्यक्ष पगारावर कापली गेली होती, अशा पुष्कळ कामगारांना वाढीव निवृत्तिवेतनासाठी अर्ज करण्याचा मार्ग त्याने मोकळा झाला. अर्ज कामगाराने करायचा. पण त्याच्या पगाराचा जुना तपशील मालकाने भरून द्यायचा. ह्या तपशिलाची मुदत वाढत वाढत अखेर ३१ जानेवारी २०२५ वर येऊन थांबली.

आमच्या एका कारखान्यात मालकी बदललेली. नवे व्यवस्थापन म्हणाले, “जुना पगारपट आमच्याजवळ वाचण्याजोगा नाही. तुम्ही वाचून दाखवा, आम्ही तपासून सही करतो.” पगारपट होता, पण तो विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या एका जुन्या प्रोग्राममध्ये अडकलेला. त्या एक्सपीची देखभाल तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद केली. नव्या संगणकावर तो प्रोग्राम उघडेना. सुदैवाने कारखान्यातल्या एका जाणत्या माणसाने संगणक भंगारात जाण्यापूर्वी त्याचे एक ‘व्हर्च्युअल मशीन’ करून ठेवले होते. व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीने ते एका पेन ड्राइव्हवर आमच्या हाती आले, ते डिसेंबर २०२४ मध्ये. नक्कल करून घ्यायची आणि पेन ड्राइव्ह त्याच दिवशी परत करायचा, अशी अट होती.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. आपण त्याला आभासी यंत्र म्हणू. एका मोठ्या वाड्यात बिऱ्हाडकरू राहतात. प्रत्येकाला आपले घर स्वतंत्र वाटते, चूल वेगळी, कुलूप वेगळे. पण भिंती आणि छप्पर वाड्याचे. तद्वत एका खऱ्या संगणकात अनेक आभासी संगणक बिऱ्हाड करतात. कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली. साध्या संगणकांवर ती व्हीएमवेअर ह्या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने रुळवली, आणि २००७ पासून लिनक्समध्येच केव्हीएम नावाची तशी सोय विनामूल्य मिळू लागली. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली. परवान्यांची पद्धत बदलली, आणि खर्च परवडेना म्हणून पुष्कळ लहानमोठ्या संस्थांनी आपली बिऱ्हाडे एका वाड्यातून उचलून दुसऱ्या वाड्यात नेण्यास सुरुवात केली. म्हणून हा विषय केवळ आमच्या युनियनच्या कचेरीपुरता राहिलेला नाही.

बिऱ्हाड उचलायचे तर सामान बांधावे लागते. आभासी यंत्राची सगळी डिस्क ही खऱ्या संगणकाच्या दृष्टीने एक मोठी फाईल असते. ती फाईल, यंत्राचे वर्णन सांगणारा एक कागद आणि दोहोंच्या ठशांची एक यादी, एवढे एकत्र बांधले की त्याला ओव्हीए म्हणतात. मी त्याला गठ्ठा म्हणतो. ह्या गठ्ठ्याच्या बांधणीचे सर्वांना मान्य असे नियम २००९ साली ठरले. आतली डिस्क बहुधा दाबून, आवळून भरलेली असते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तिचा खरा पसारा कळत नाही. गादीची वळकटी आणि पसरलेली गादी यांत जो फरक, तोच हा.

आता हिशेब ऐका. आमच्या कामगार पतसंस्थेच्या खोलीत एक लिनक्सचा संगणक आहे. त्याची डिस्क पाचशे जीबीची. पण यंत्र दाखवते ४६५. ह्यात कोणी चोरी केलेली नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १०२४ च्या पटीत; दोन मापांचा हा फरक आहे. पण जागेचा हिशेब मांडणाऱ्याने तो पहिल्या ओळीतच लक्षात घ्यावा. ह्या ४६५ पैकी ११० जीबी मोकळी होती. गठ्ठा होता ३१ जीबीचा, आणि तो उलगडून आमच्या यंत्राच्या पद्धतीची नवी डिस्क तयार झाली की ती ७० जीबी होणार होती.

आमच्या एका सभासदाचा मुलगा पुण्यात संगणकाची नोकरी करतो. सुटीत आला होता, तो मदतीला बसला. म्हणाला, “काका, सत्तर लागणार, एकशेदहा आहेत. तासाभराचे काम.” मीही मान डोलावली. सत्तरपेक्षा एकशेदहा मोठे, हे मला दहावीपर्यंत शिकवले होते.

रात्री अकराच्या सुमारास काम मध्येच थांबले. जागा संपली, असा निरोप पडद्यावर आला. आम्ही चकित झालो. मग त्याने कागद घेतला आणि पायरीपायरीने मांडले. पेन ड्राइव्हवरून गठ्ठा उतरवला, ३१ गेले. गठ्ठा सोडून आतली आवळलेली डिस्क बाहेर काढली, ती पुन्हा सुमारे ३१. कारण ओव्हीएची बांधणी ही नुसती दोरी आहे, ती सोडल्याने सामान लहान होत नाही आणि आधीचा गठ्ठाही जागचा हलत नाही. आता मोकळे उरले ४८, आणि त्यात सत्तरची नवी डिस्क लिहायची! एकतीस, एकतीस आणि सत्तर मिळून १३२. शेवटी जागा लागणार होती सत्तरच. परंतु वाटेत काही तास १३२ लागत होती. ती मोजायचे आम्हां दोघांनाही सुचले नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. डिस्क काठोकाठ भरताच त्याच वाड्यातले दुसरे बिऱ्हाड, म्हणजे पतसंस्थेच्या रोजच्या हिशेबाचे आभासी यंत्र, जागच्या जागी थांबले. त्याला लिहायला जागा उरली नव्हती. केव्हीएमची व्यवस्था अशा वेळी आतल्या यंत्राला मारत नाही, थोपवून धरते. ही तिची शहाणी बाजू. अर्धवट लिहिलेली फाईल काढून टाकली तेव्हा ते पुन्हा चालू करता आले आणि एकही नोंद गेली नाही. पण ज्या पतसंस्थेत उद्या सकाळी कोणी मुलीच्या फीसाठी पैसे काढायला येणार, तिचे यंत्र आमच्या बेहिशेबामुळे अर्धा तास बंद होते. ह्याचा दोष कोणा कंपनीचा नव्हे, आमचा होता.

बंधुभगिनींनो, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्याला ही चूक करण्याचा अधिकार नव्हता. बाजरीची कणसे शेतातून थेट कणगीत कोणी नेतो काय? मध्ये खळे लागते. जमीन सारवून, मध्ये तिवडा रोवून, आधी खळे तयार करावे लागते. तेथे कणसे पडतात, मळणी होते, उफणणी होते. ऐन मळणीच्या दिवशी खळ्यावर कणसेही असतात, दाणाही असतो आणि भूसही असते. तिन्हींचा पसारा एकाच वेळी मांडलेला असतो. म्हणून खळे नेहमी कणगीपेक्षा मोठे. कणगीत दहा पोती मावतात म्हणून दहा पोत्यांएवढेच खळे करणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. संगणकवाले ज्याला इंग्रजीत ‘स्टेजिंग’ म्हणतात, ते हेच खळे आहे. आमचे माथाडी भाऊ, ज्यांच्यासाठी ह्या राज्याने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, त्यांनाही हे सांगावे लागत नाही. गाडीतून उतरलेली पोती थप्पीला लागेपर्यंत फलाट मोकळा लागतो. फलाट अडला की गाडीही अडते आणि गोदामही.

आणि आपल्या गावाने तर ह्या गोष्टीची फार मोठी किंमत मोजली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थाच्या पर्वणीला, येथून जवळच सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचे प्राण गेले. रामकुंडावर एका वेळी किती माणसे मावतात हे सांगता येते. शहरात किती येतात त्याचाही अंदाज असतो. परंतु वाटेवर असलेला माणूस उभा कोठे राहणार, हा प्रश्न वेगळा आहे. २०१५ च्या सिंहस्थात वाहने शहराबाहेर अडवली, माणसे टप्प्याटप्प्याने घाटाकडे सोडली. पायपीट झाली, तक्रारी झाल्या. पण नाशकात तसा प्रसंग पुन्हा आला नाही. संगणकातल्या फायलींची आणि माणसाच्या प्राणांची मी बरोबरी करत नाही. तशी करणे पाप होईल. मी एवढेच म्हणतो की, निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण यांच्याकडेच डोळे लावून मधल्या जागेला विसरणे, ही माणसाची जुनी खोड आहे.

आता त्या रात्रीकडे परत येतो, कारण खरा धोका पुढेच होता. थकलेला मुलगा म्हणाला, “काका, आतली डिस्क बाहेर काढलीच आहे. मूळ गठ्ठा पुसून टाकू या. एकतीस मोकळे होतील. अठ्ठेचाळीस अधिक एकतीस, एकोणऐंशी. सत्तर सहज मावतील.”

हिशेब बिनचूक होता. पण मला माझ्या वडिलांची आठवण झाली. रास मापून झाल्याखेरीज ते खळे झाडू देत नसत. मी म्हटले, “नको रे बाबा. पेन ड्राइव्ह परत गेला आहे. हा एकच गठ्ठा आहे.” सकाळ होण्याची वाट पाहिली, एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून बाहेरून जोडायची एक टीबीची डिस्क उसनी आणली, आणि मळणी त्या डिस्कवर केली. गठ्ठा तेथे हलवला, उलगडलेली फाईलही तेथेच, आणि फक्त तयार झालेली सत्तर जीबीची डिस्क आतल्या कोठारात. सगळे सुरळीत पार पडले.

नवे यंत्र चालू केले. निळा पडदा आला, आणि एक्सपीने आपणहून डिस्कची तपासणी व दुरुस्ती सुरू केली. मूळ संगणक चालू असतानाच त्याची नक्कल घेतली गेली असावी, म्हणून तिला डिस्क बिघडलेली वाटली. ह्या ‘दुरुस्ती’नंतर आम्ही पगाराचा प्रोग्राम उघडला, तर दोन वर्षांच्या फायली जागेवर नव्हत्या! दुरुस्तीने त्यांचे तुकडे करून भलत्याच फोल्डरात टाकले होते. त्या क्षणी मूळ गठ्ठा पुसलेला असता, तर त्या दोन वर्षांचा पुरावा आमच्या हाताने नाहीसा झाला असता. गठ्ठा होता. पुन्हा पहिल्यापासून नवी डिस्क तयार केली. ह्या वेळी चालू करण्यापूर्वी तिचा ‘स्नॅपशॉट’, म्हणजे त्या घडीची स्थिती, राखून ठेवली, आणि तपासणीची सूचना येताच कळ दाबून ती टाळली. सर्व फायली जागच्या जागी मिळाल्या.

तरीही खळे झाडले नाही. एका निवृत्त सभासदाच्या पत्र्याच्या ट्रंकेत २००९ सालच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतील आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवले. मग सगळ्या सदतीस जणांच्या दर वर्षाच्या एकेका महिन्याची बेरीज पाहिली. व्यवस्थापनाचा माणूस येऊन त्याने स्वतः पाहिले आणि तपशील मुदतीच्या आत भरला गेला. अर्जांचे पुढे काय व्हायचे ते कायद्याने होईल. पण पुरावा नाही म्हणून एकही अर्ज मागे राहिला नाही.

ह्या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. आपल्या शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात हे काम केव्हा ना केव्हा निघणारच आहे.

पहिली गोष्ट, शेवटी किती जागा लागेल हे विचारू नका. सर्वांत अडचणीच्या घटकेला किती लागेल ते विचारा. गठ्ठा, उलगडलेला माल आणि नवी डिस्क, तिन्हींची बेरीज करा, आणि वर निदान पाचवा हिस्सा मोकळा राखा. नवी डिस्क भरेल तसतशी वाढणारी आहे की पूर्ण आकाराची जागा आधीच अडवणारी आहे, हेही पाहा. आमच्या जुन्या यंत्राची डिस्क नावापुरती १६० जीबीची होती. पूर्ण आकाराने घेतली असती, तर बेरीज १३२ ऐवजी २२२ झाली असती. आणि वाढणारी डिस्क घेतली तरी ती वाढणार आहे, हे विसरू नका. दहा बिऱ्हाडांना शंभर शंभर कबूल करून वाड्यात पाचशेच असतील, तर एक दिवस तंटा होणारच.

दुसरी, खळे आणि कोठार वेगळे ठेवा. आयात करणारी अवजारे तात्पुरत्या फायली आपल्या सवयीच्या फोल्डरात टाकतात, आणि तो फोल्डर पुष्कळदा यंत्राच्या मूळ विभागावरच असतो. तो भरला की सगळा वाडा अडतो. तात्पुरत्या फायली कोठे टाकायच्या, हे अवजाराला सुरुवातीसच सांगता येते. ते सांगा.

तिसरी, काम फसले तर दुसऱ्यांदा सुरू करण्यापूर्वी पहिल्या प्रयत्नाचा केर काढा. अर्धवट फायली आपणहून नेहमीच जातात असे नाही. दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा लवकर फसतो तो ह्यामुळे.

चौथी, दहा यंत्रे न्यायची असतील तर एकामागून एक न्या. एक खळे दहा शेतांना पुरते. पण दहाही शेतांची मळणी एकाच दिवशी काढली तर नाही.

पाचवी, गठ्ठ्याबरोबर ठशांची यादी आली असेल तर माल उतरवताच ठसे जुळवून पाहा. आणि नवे यंत्र नुसते चालू झाले म्हणून समाधान मानू नका, त्यातला आकडा बाहेरच्या कागदाशी ताडून पाहा. तोपर्यंत मूळ गठ्ठ्याला हात लावू नये.

आणि सहावी, ताडून झाल्यावर मात्र खळे झाडलेच पाहिजे. उसन्या डिस्कवर आमच्या कामगारांचे पगार, बँकेचे खाते क्रमांक, घरचे पत्ते पडून होते. ती तशीच परत केली असती तर तो विश्वासघात झाला असता. फाईल नुसती पुसल्याने तिचा मजकूर लगेच जात नाही. म्हणून आम्ही ती सगळी डिस्क वरून लिहून कोरी केली आणि मगच परत दिली. मूळ गठ्ठ्याची एक प्रत कुलूपबंद करून पावतीसह व्यवस्थापनाच्या स्वाधीन केली.

शेवटी माझ्या धंद्याचे एक वाक्य बोलू द्या. संस्था नवी यंत्रणा घेते तेव्हा मागणीपत्रात कोठाराची जागा लिहिलेली असते, खळ्याची नसते. ती नसली की तिची भरपाई रात्री अकरा वाजता संगणकाच्या खोलीत बसलेला नोकरदार आपल्या झोपेने करतो. आणि झोपेने व्याकूळ झालेल्या माणसाला मूळ गठ्ठा पुसून टाकण्याची बुद्धी होते. पन्नास-शंभर जीबीची मधली जागा आज फारशी महाग नाही. तेव्हा मागणीपत्रात एक ओळ वाढवा. तुमच्या संस्थेतल्या त्या माणसाला उद्या विचारा, “बाबा रे, तुला मळणीला जागा किती लागते?” त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसेल.

तो पुण्याचा मुलगा परत जाताना म्हणाला, “काका, तुम्ही गठ्ठा पुसू दिला नाहीत हे बरे झाले.” मी त्याला म्हटले, “ते श्रेय माझ्या वडिलांचे. त्यांनी संगणक पाहिला नव्हता. पण मापारी येईपर्यंत रात्रभर खळ्यावर निजण्याचा त्यांचा नेम होता.”